शर्यतीची गाडी आणि तिचा शॉकअप

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर शेतीच्या किंवा आरोग्याच्या प्रश्नावर बोलावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. त्या पंक्तीत शर्यतीच्या मोटारीचा शॉकअप कोठून येऊन बसला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जायला नको. सकाळी सूतगिरणी चौकात घटकाभर उभे राहावे. कंपन्यांच्या बसगाड्या येतात आणि गारखेड्यातली माणसे त्यांत बसून वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला निघून जातात. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची एक वसाहतच उभी राहिली. एन्ड्युरन्स या कंपनीचे मुख्य ठाणेही वाळूजचेच. दुचाक्यांचे शॉकअप हा तिच्या प्रमुख मालांपैकी एक. म्हणजे देशभर धावणाऱ्या असंख्य गाड्यांचे धक्के जिरवणारी वस्तू आपल्या शेजारी तयार होते. आपल्यापैकी कोणाचा मुलगा ती घडवतो, कोणाची सून तिची तपासणी करते. आणि तरीही तिच्या पोटात काय असते, ती नेमके काय करते, हे विचारले तर आपण गप्प बसतो. ही स्थिती काही फारशी भूषणावह नाही.

मग साध्या गाडीचाच शॉकअप का घेतला नाही, शर्यतीच्या गाडीचा का? कारण असे की, एखाद्या यंत्राचे काम समजून घ्यायचे तर ते जेथे अगदी टोकाला ताणले जाते तेथे पाहावे. ज्या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात, तीत वळण नाही, चढ नाही, घाट नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जी आधी पार करील ती जिंकली. सारा खेळ दहा-बारा सेकंदांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात रिकाम्या धावपट्ट्यांवर या शर्यतींना जोर चढला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी तेथे ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापली, ती मुख्यतः रस्त्यावर होणाऱ्या बेलगाम शर्यतींना नियमांत आणि मैदानात आणावे म्हणून. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झालेल्या आहेत.

स्प्रिंग आणि शॉकअप : दोघांची कामे वेगळी

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. धक्का सोसते ती स्प्रिंग, शॉकअप नव्हे. चाक खड्ड्यात गेले किंवा गतिरोधकावर चढले की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची शक्ती आपल्या पोटात साठवते. पण स्प्रिंगचा स्वभाव उसनवारी न ठेवण्याचा आहे. घेतलेली शक्ती ती लगेच परत करते, पुन्हा घेते, पुन्हा परत करते; आणि गाडी एका गतिरोधकावर पाच वेळा नाचते. जुन्या टांग्याच्या कमानीत हा दोष कमी जाणवे, कारण तिचे पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घासण्यात बरीच शक्ती खर्ची पडे. गोल गुंडाळीच्या स्प्रिंगला हे घर्षण नाही. म्हणून तिच्या सोबतीला कोणीतरी असा लागतो, की जो तिची उडी आवरील. तो शॉकअप.

त्याची रचना विहिरीवरच्या हातपंपाची आठवण करून देणारी आहे. एक बंद नळी, तीत तेल. नळीत वरखाली होणारा एक दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक भोके. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. हळू हलवा, तेल निमूटपणे जाते. जोराने हलवा, ते अडते. म्हणजे जितकी गती अधिक तितका विरोध अधिक. स्प्रिंगचे गणित ती किती दबली यावर चालते, शॉकअपचे गणित तो किती वेगाने हलतो यावर चालते. हा भेद लक्षात ठेवला तर पुढचे सारे सोपे आहे. तेलाला ढकलण्यात जी शक्ती गेली ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. खडबडीत रस्त्यावरून बरेच अंतर आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो यामुळेच.

दट्ट्याच्या भोकांवर पोलादाच्या अगदी पातळ चकत्या बसवलेल्या असतात. खाली जाताना एका बाजूच्या चकत्या वाकून वाट देतात, वर येताना दुसऱ्या बाजूच्या. त्यामुळे दबताना वेगळा विरोध आणि उलगडताना वेगळा विरोध, अशी सोय करता येते. या दोन शब्दांचा पुढे वारंवार उपयोग होणार आहे : दबणे आणि उलगडणे. साध्या गाडीत हे प्रमाण कारखान्यातच ठरवून दिलेले असते. शर्यतीच्या गाडीत मात्र शॉकअपवर लहान मुठी असतात. मूठ फिरवली की ‘टिक्’ असा आवाज होतो आणि आतली वाट थोडी अरुंद किंवा रुंद होते. चांगल्या प्रतीच्या शॉकअपला दोन मुठी, एक दबण्यासाठी आणि एक उलगडण्यासाठी. त्याशिवाय तेलात हवा मिसळून फेस होऊ नये म्हणून नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू भरलेला असतो. कारण फेसाळलेले तेल विरोध करीत नाही, ते नुसते दबते. दुचाकीच्या शॉकअपला बाजूला लहानशी डबी दिसते, तिचे प्रयोजन बहुधा हेच असते.

गाडी सुटते तेव्हा काय होते

आता शर्यतीच्या रेषेवर येऊ. बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला, चालकाने बस एकदम सोडली की, मागे झोक जातो. गाडीचेही तसेच होते. नाक वर उचलले जाते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि मागच्या चाकांवरचा वाढतो. हा भार किती सरकतो याचे गणित सोपे आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून जितका उंच तितका भार अधिक सरकतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर जितके मोठे तितका कमी सरकतो.

समजा, गाडीचे वजन १२०० किलो आहे. त्यातले ६६० किलो पुढच्या चाकांवर आणि ५४० किलो मागच्या चाकांवर. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, चाकांतले अंतर अडीच मीटर. म्हणजे प्रमाण एक पंचमांश. गाडीने गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने धाव घेतली, तर १२०० च्या निम्मे ६०० आणि त्याचा पाचवा हिस्सा १२० किलो, इतका भार पुढून मागे गेला. मागची चाके आता ६६० किलो वाहतात. ज्या गाडीची मागची चाके ओढतात तिला ही पर्वणीच, कारण ज्या चाकावर भार अधिक त्याची जमिनीवरची पकड अधिक.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे १२० किलो शॉकअपने आणलेले नाहीत. ते उंची, अंतर आणि त्वरण यांच्या हिशेबाने आले. मूठ कितीही फिरवा, १२० चे १५० होणार नाहीत. मग शॉकअपचे काम काय? शॉकअप ठरवतो तो वेळ. तो भार मागच्या टायरावर एकदम आदळेल की क्रमाने बसेल, आणि बसल्यावर तेथे टिकेल की उसळून निघून जाईल, हे त्याच्या हाती आहे. पहिल्या एक-दोन सेकंदांत इंजिनचा सारा जोर टायरावर येतो. त्या क्षणी भार पोचलेला नसेल तर टायर जागच्या जागी गरगरते, धूर निघतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि शर्यत हरली जाते. म्हणून या खेळातले जाणकार पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे सुमारे १८ मीटरांचा, वेळ सर्वांत आधी पाहतात. त्यांचा ठोकताळा असा की, तेथे सेकंदाचा एक दशांश वाचला तर शेवटच्या रेषेवर सुमारे दीड दशांश वाचतो.

पुढचा शॉकअप, मागचा शॉकअप

पुढच्या शॉकअपचे उलगडणे सैल ठेवले तर नाक चटकन वर येते आणि भार लवकर मागे जातो. हे ऐकून नवशिका म्हणतो, मग अगदीच सैल सोडावे. पण तसे केले की नाक तोफेसारखे वर सुटते, शॉकअपची लांबी संपते, पुढचे चाक हिसक्याने जमिनीवरून उचलले जाते आणि लगेच खाली आदळते. नाक खाली आले की मागचा भार पुढे परततो. आणि नेमके त्याच वेळी गियर बदलायचा असतो. मागचे टायर तेथे सुटते. पुढच्या शॉकअपचे दबणे या उतरणीला आवर घालते. ते फार सैल असेल तर नाक आपटते, फार घट्ट असेल तर चाक चेंडूसारखे उसळते.

मागच्या शॉकअपची कथा अधिक मौजेची आहे. आपली समजूत अशी की, गाडी सुटली की तिची मागची बाजू खाली बसावी. साध्या गाडीत तसेच होते. पण शर्यतीसाठी नीट बांधलेल्या कित्येक गाड्यांत मागच्या आसाला धरणारे दांडे अशा कोनात बसवतात, की इंजिनचा जोर आला की ते गाडीचे धड वर उचलतात आणि आसाला खाली रेटतात. याने काय साधते? वाण्याच्या दुकानातल्या काट्यावर गुडघे वाकवून उभे राहा आणि झटकन ताठ व्हा. ताठ होताना काटा तुमच्या वजनाच्या पलीकडे जातो, कारण धड वर ढकलायचे तर पायांनी खाली रेटावे लागते. पण ताठ होऊन थांबलात की काटा क्षणभर वजनाच्या अलीकडे येतो. गाडीच्या टायराचे अगदी हेच होते. धड वर जात असेतो टायर जमिनीत रुतते. वर जाणे एकदम थांबले की टायर हलके होते.

मागच्या शॉकअपचे उलगडणे या चढाईचा वेग ठरवते. ते सैल असले तर टायराला प्रथम जोरदार दाब मिळतो आणि दुसऱ्या क्षणी तो नाहीसा होतो. ते फार घट्ट असले तर दाब पुरता पोचतच नाही. दोहोंच्या मध्ये अशी एक जागा असते, की दाब येतोही आणि टिकतोही. ती जागा प्रत्येक गाडीची, प्रत्येक टायराची आणि प्रत्येक दिवसाच्या जमिनीची निराळी. चिकट, चांगली तयार केलेली पट्टी असली तर टायराला फार रेटण्याची गरज नसते, तेव्हा मूठ थोडी घट्ट. गुळगुळीत पट्टीवर टायराला रेटा हवा, तेव्हा मूठ थोडी सैल. वर गेलेले धड परत खाली येते तेव्हा त्याला सावरणे हे मागच्या शॉकअपच्या दबण्याचे काम.

ज्या मोटारीची पुढची चाके ओढतात, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान मोटारी अशाच आहेत, तिला हे सारे उलटे लागू पडते. तिच्या दृष्टीने मागे जाणारा भार म्हणजे नुकसान. तेथे पुढचे उलगडणे आणि मागचे दबणे घट्ट ठेवून नाक शक्य तितके खाली धरतात. दुचाकीचा प्रश्न आणखी बिकट. समजा, तिच्या चाकांतले अंतर १.३ मीटर आणि स्वारासह गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर, म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्मे. थोडा जोर अधिक झाला की पुढचे चाक हवेत. म्हणून शर्यतीच्या दुचाकीचा मागचा दांडा लांबवतात आणि ती जमिनीजवळ आणतात. तेच अंतर १.६ आणि उंची ०.५ केली की प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली येते. हे काम शॉकअपच्या मुठीने होणारे नव्हे. मौज अशी की, या खेळातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना, ज्यांना ‘टॉप फ्यूएल’ म्हणतात, मागे स्प्रिंगही नसते आणि शॉकअपही नसतो. त्यांचा लांबलचक सांगाडा स्वतःच वाकतो आणि मोठी मऊ टायरे दबतात. तीच त्यांची स्प्रिंग.

मूठ फिरवण्याची रीत

आता प्रत्यक्ष जुळवणी कशी करतात ते पाहू. पहिली गोष्ट, शॉकअपला हात लावण्यापूर्वी बाकीचे ठीक करावे. टायरातली हवा मोजावी. चारी चाकांवरचा भार काट्यावर पाहावा. सैल बोल्ट, झिजलेले बुश बदलावे. गाडी सुटताना एका अंगाला ओढत असेल तर त्याचे मूळ बहुधा स्प्रिंगच्या ताणात किंवा दांड्यांत असते, ते तेथेच दुरुस्त करावे. डाव्या-उजव्या शॉकअपच्या मुठी आरंभी सारख्याच असाव्यात.

दुसरी गोष्ट, मूठ मधल्या घरावर ठेवून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच बदल करावा. पुढचे आणि मागचे एकदम फिरवले आणि वेळ सुधारला, तर कोणामुळे सुधारला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका मुठीला दोन घरे द्यावीत, गाडी पळवावी, ६० फुटांचा वेळ वहीत टिपावा, मग पुढचा विचार. आजकाल खिशातल्या फोनमध्ये संथ गतीचे चित्रण होते. गाडीच्या बाजूला उभे राहून मागच्या टायरावर नजर रोखून ते चित्रण घ्यावे. टायराच्या कडेला सुरकुत्या पडल्या आणि तशाच राहिल्या तर दाब टिकला. सुरकुत्या पडून गेल्या आणि टायर गोल झाले तर दाब निसटला. नाक किती वर गेले आणि कशाने थांबले, हेही तेथे दिसते.

तिसरी गोष्ट वहीची. तारीख, हवेतली उष्णता, पट्टीची स्थिती, टायरातली हवा, चारी मुठींची घरे आणि मिळालेला वेळ, इतके लिहिले की पुरे. आमच्याकडच्या पुष्कळ कुशल मिस्त्रींची विद्या त्यांच्या हातात असते आणि हाताबरोबरच निघून जाते. कारखान्यात काम केलेल्या माणसाला वहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तो दिवसभर मापेच टिपत असतो. तीच सवय गॅरेजात आली पाहिजे.

आपल्या घरच्या गाडीसाठी

शर्यतीत न उतरणाऱ्याने यातून काय घ्यावे? पहिले हे की, दुचाकीच्या मागच्या शॉकअपवर जे पायऱ्यांचे कडे असते, ते फिरवल्याने शॉकअप ‘कडक’ होत नाही. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, इतकेच. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हा एक-दोन पायऱ्या वाढवाव्यात आणि एकटे असताना उतरवाव्यात. तेलाच्या विरोधाशी त्या कड्याचा संबंध नाही. तेल गळून गेलेल्या शॉकअपचे कडे शेवटच्या पायरीवर नेणे म्हणजे ताप उतरेना म्हणून पांघरूण बदलण्यासारखे आहे.

दुसरे हे की, झिजलेला शॉकअप ओळखता येतो. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसणे ही एक खूण. मोटारीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. ती वर येऊन स्थिर झाली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपला. टायरावर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसणे ही तिसरी खूण. लोक याला आरामाचा प्रश्न समजतात आणि दुरुस्ती दिवाळीवर ढकलतात. वास्तविक हा प्रश्न ब्रेकचा आहे. झिजलेल्या शॉकअपची चाके खडबडीत रस्त्यावर उडत राहतात, आणि हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडी थांबवू शकत नाही. शर्यतवाला ज्या पकडीसाठी मूठ फिरवतो, तीच पकड आपल्याला शाळेसमोर अचानक मूल आडवे आले असता हवी असते.

आणि तिसरे, जे सांगण्यासाठी हा विषय मुद्दाम निवडला. पाव मैल बारा सेकंदांत तोडणारी मोटार शेवटच्या रेषेवर ताशी १८० किलोमीटरांच्या आसपास असते. म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद धरला तर ५० मीटर तेथेच गेले. पुढे साधारण ब्रेक आणि साधारण रस्ता धरला तर आणखी सुमारे १८० मीटर. शर्यतीच्या पट्टीपुढे म्हणूनच लांब मोकळी जागा राखलेली असते, दोन्ही अंगांना कठडे असतात, गाडीची आधी तपासणी होते, रुग्णवाहिका उभी असते. बीड बायपासला रात्री यातले काय असते? तेथे वळणारा ट्रॅक्टर असतो, दुसऱ्या पाळीहून परतणारा कामगार असतो, रस्ता ओलांडणारे कुत्रे असते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला गुन्हा ठरवते आणि त्यासाठी दंडाची व कैदेचीही तरतूद करते; परंतु मुलांना केवळ कलम दाखवून भागणार नाही. त्यांना हे २३० मीटरांचे गणित करून दाखवले पाहिजे, पायांनी मोजून दाखवले पाहिजे.

मुलांचा वेग आवडणे हा काही दोष नव्हे. ज्या गावात शॉकअप बनतात त्या गावच्या मुलाला तो उघडून पाहावासा वाटला तर ते चांगलेच लक्षण आहे. त्याला वही द्यावी, काटा द्यावा, जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली बसवावे, आणि शर्यत करायचीच असेल तर जेथे पट्टी, कठडे आणि नियम आहेत तेथे फेडरेशनच्या परवान्यानिशी जाऊ द्यावे. उद्या सकाळी घरून निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गाडीचा मागचा कोपरा एकदा दाबून पाहावा आणि ती किती वेळा डुलते ते मोजावे. एकाहून अधिक वेळा डुलली, तर त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे न्यावी.